शिडी कोणी धरली

मल्हार विहार कॉलनीत कुणाच्याही दारापुढे गाडी थांबली की वसुंधराबाई शितोळे आपल्या गेटशी आल्याच म्हणून समजा. गॅसवाला असो, कुरियरवाला असो की कुणाची आत्या असो, प्रत्येकाला त्या दोन प्रश्न विचारत: कुणाकडे आलात, आणि कुठले तुम्ही? पहिला प्रश्न कॉलनीच्या भल्यासाठी असे आणि दुसरा स्वतःच्या आनंदासाठी. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. "खून में है, नाकाबंदीवर असायचे ना ते," असं त्यांचे यजमान अशोकराव म्हणत. अशोकराव बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने भित्रे. रस्ता ओलांडतानासुद्धा ते बायकोच्या मागे उभे राहत.

त्या दिवशी वसुंधराबाई पोह्यांना फोडणी घालत होत्या, तेवढ्यात शेजारच्या घरापुढे टेम्पो थांबला. शेजारी यशवर्धन आणि उर्वी टिळेकर हे नाशिकचं तरुण जोडपं राहत असे. आयटीतल्या नोकरीसाठी ते इंदूरला आले होते आणि सध्या यशवर्धनच्या बहिणीच्या लग्नासाठी नाशिकला गेले होते. वसुंधराबाईंनी गॅस बारीक केला आणि पदर खोचून त्या बाहेर आल्या.

टेम्पोतून दोघे उतरले. एकाच्या अंगात निळा शर्ट होता, दुसऱ्याने टोपी डोळ्यांवर ओढली होती. ड्रायव्हर आपल्या जागेवरच बसून राहिला.

"किसके यहाँ?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"टिळेकर साहब के यहाँ, काकीजी. एसी, वॉशिंग मशीन, टीवी, सब सर्विस में ले जाना है. साहब आएँगे उसके पहले तैयार करके देना है." निळ्या शर्टाने किल्ली दाखवली, कुलुपात घातली आणि ती फिरेना.

वसुंधराबाईंना कुणाची धडपड बघवत नाही. त्या आत जाऊन तेलाची वाटी घेऊन आल्या. तेल घातलं तरी किल्ली फिरली नाही. तेव्हा ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली. "भिया, पहले साहब को फोन लगा लो. इतना सामान है, बाद में अपने गले पड़ेगा."

निळ्या शर्टाने फोन लावून स्पीकर सुरू केला. आवाज आला, "काकीजी, नमस्ते! ताला खराब है, तोड़ दो. मैं नया लगवा लूँगा."

वसुंधराबाईंना कौतुक वाटलं. यशवर्धनचं हिंदी म्हणजे एरवी 'मेरे को भाजी होना' या थाटाचं, आणि त्यांना तो कायम 'काकू' म्हणायचा. आज 'काकीजी' म्हणाला! इंदूरचं पाणी लागलं पोराला, असा विचार करत त्यांनी आपल्या खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आणून दिला. दोन घावांत कुलूप निघालं.

मग शिडी. एसीचा बाहेरचा डबा उंच भिंतीवर होता आणि टोपीवाला टाचा उंचावून बघत होता. "अहो, आपली शिडी काढा!" त्यांनी अशोकरावांना हाक मारली. अशोकराव पेपर घेऊनच बाहेर आले. "आणि धरून उभे राहा. पोरगं पडलं तर?" अशोकरावांनी पेपर काखेत मारला आणि शिडी धरली. अगदी मनापासून धरली.

पोहे व्हायचे ते झालेच होते. त्यांनी वर शेव आणि जिरावन मसाला घालून सगळ्यांना बशा दिल्या. निळ्या शर्टाने शेंगदाणे बाजूला काढलेले पाहून त्यांनी चौकशी केली. दाणे खाल्ले की त्याचं तोंड सुजतं, असं कळलं. तिथून गप्पा इंदूरजवळच्या हातोदला पोचल्या, कारण तो तिकडचा. बायकोचे दिवस भरत आले होते. मेहुणी हातोदलाच शिवणकामाचे क्लास घेते आणि बायको सध्या तिच्याकडेच आहे. आईचे गुडघे दुखतात. वसुंधराबाईंनी गुडघ्याला मोहरीच्या तेलात लसूण कढवून लावायला सांगितलं.

ड्रायव्हरचं नाव गेंदालाल. त्याला पाठीचं दुखणं होतं, म्हणून तो सामान उचलत नव्हता. सियागंजच्या टेम्पो स्टँडवरून या दोघांनी त्याला भाड्याने आणलं होतं. देवासला मुलीकडे एक जुना दिवाण पोचवायचा होता, म्हणून वसुंधराबाईंनी त्याचा नंबर मागून घेतला आणि 'गेंदालाल टेम्पो पाठदुखी' या नावाने फोनमध्ये ठेवला.

सामान भरलं. जाताना निळ्या शर्टाने टिळेकरांच्या अंगणातली कढीपत्त्याची कुंडी उचलून त्यांच्या हातात दिली. "काकीजी, साहब बोले, पानी के बिना सूख जाएगा. आप रख लो." वसुंधराबाईंनी टेम्पो मागे घ्यायला हातवारे केले, "आने दो, आने दो, बस!" म्हणाल्या, आणि टेम्पो गेला.

*

यशवर्धन आणि उर्वी परत आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. एसी, वॉशिंग मशीन, टीव्ही गेलेच होते. शिवाय कपाटातले उर्वीचे दागिने, लॅपटॉप, चांदीची भांडी, एक टेबलफॅन, असं जे हाताला लागेल ते गेलं होतं. उर्वी पायरीवर बसून रडली. वसुंधराबाई धावत गेल्या.

"अगं, सर्विसला नाही का दिलंय? यशवर्धन स्वतः तर बोलला माझ्याशी!"

"मी कधी बोललो, काकू?" यशवर्धनने विचारलं.

कॉलनीच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. टोपीवाल्याचं तोंड दिसत नव्हतं आणि निळा शर्ट सगळा वेळ पाठमोरा होता. स्पष्ट दिसत होत्या त्या वसुंधराबाई: तेल घेऊन येताना, बत्ता देताना, बशा वाटताना, टेम्पोला दिशा दाखवताना. आणि शिडी धरून उभे असलेले अशोकराव, काखेत पेपर. संध्याकाळपर्यंत ती क्लिप कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. कुणीतरी खाली लिहिलं, 'सर्विस विथ नाश्ता.'

पोलिस ठाण्याचे टीआई, म्हणजे इन्स्पेक्टर, मोहिते चौकशीला आले. ते मूळचे इंदूरचेच मराठी. क्लिप दोनदा पाहून त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"काकू, मी हिशेब लावून राहिलो. तेल तुमचं. बत्ता तुमचा. शिडी तुमची. शिडी धरणारे काका पण तुमचे. मग चोरांचं त्यात काय होतं?"

"टेम्पो होता ना त्यांचा," अशोकराव घाईने म्हणाले.

"नंबर पाहिला, तो पण भाड्याचा निघाला." मोहित्यांनी टोपी घातली. "परत येतो जबाब घ्यायला. तोपर्यंत इंदूरबाहेर जाऊ नका. मजाक नाहीये हा."

ते गेल्यावर अशोकरावांनी दार लावलं, कडी घातली, खिडकीही लावली. मग त्यांनी देवयानीला फोन केला.

देवयानी वसुंधराबाईंची भाची, जिल्हा कोर्टात वकिली करणारी. ती स्कूटीवरून आली ती काळा कोट डिकीत कोंबूनच. आल्या आल्या तिने क्लिप पाहिली आणि इतकी हसली की अशोकरावांना राग आला.

"हसून काय राहिली? काय होईल ते सांग. आयपीसी तर गेलं ना आता?"

"आयपीसी गेलं, काका. चोरी राहिली. आता न्याय संहिता आहे." ती सोफ्यावर मांडी घालून बसली. "बघा, चोरी करायला घर फोडलं, दिवसाढवळ्या, तर दहा वर्षांपर्यंत कैद. अंधार पडल्यावर फोडलं असतं तर चौदा."

"दिवसाच होतं," अशोकराव म्हणाले. "चक्क ऊन होतं. मी टोपी घातली होती."

"राहत्या घरातली चोरी, त्याची सात वर्षांपर्यंत वेगळी."

"पण मी आत गेलोच नाही! मी फक्त शिडी धरली."

"काका, कायद्यात तेच तर आहे. चौघांनी ठरवून चोरी केली, एक आत गेला, एक शिडी धरून उभा राहिला, एक नाक्यावर पहारा देऊन राहिला, एक गाडी सुरू ठेवून बसला. सगळ्यांना शिक्षा आत गेलेल्याइतकीच. मी फक्त शिडी धरली, असं कोर्टात म्हणणारे खूप असतात."

अशोकरावांनी खाली बसून घेतलं. मग त्यांना एक वाट दिसली. "पण मी आपणहून नाही धरली. तुझ्या मावशीने सांगितलं म्हणून धरली."

"मग मावशीने तुम्हाला चिथावलं. चिथावणाऱ्यालाही तीच शिक्षा."

"वा!" वसुंधराबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं संसार केला आणि पहिल्या झटक्यात माझं नाव सांगितलं यांनी."

"माफीचा साक्षीदार होतात का, काका?" देवयानीने विचारलं. अशोकराव खरंच विचारात पडले.

मग तिलाच त्यांची दया आली. "अहो घाबरू नका. सगळं एका गोष्टीवर अडतं: माहीत होतं का? चोरी चाललीय हे ठाऊक असून शिडी धरली तर साथीदार. ठाऊक नसताना धरली तर नुसते शेजारी. मनात काय होतं, ते बघतात. मात्र मनात काय होतं हे पोलिसाला दिसत नाही, म्हणून तो आधी हात बघतो. आणि अजून एक: साठीच्या वरच्या माणसाला जबाबासाठी ठाण्यात यायची जबरदस्ती करता येत नाही. त्यांनाच घरी यावं लागतं."

"मग मी घरीच आहे," अशोकराव म्हणाले. त्या दिवसापासून ते भाजी आणायलाही बाहेर पडेनात.

वसुंधराबाईंना भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. उर्वी त्यांच्याशी बोलेनाशी झाली. एकदा गच्चीवरून फोनवर तिचा आवाज ऐकू आला, "अगं, पोहे खायला घातले त्यांनी चोरांना! वर लिंबू पिळलं असेल." लिंबू पिळलंच होतं. पुढे गाड्या आल्या, गेल्या. शितोळ्यांच्या गेटशी कुणी आलं नाही. दूधवाल्याने अशोकरावांना विचारलं, काकूंची तबियत बरी आहे ना?

*

टेम्पोचा नंबर कॅमेऱ्यात आला होता. पोलिसांनी गेंदालालला सियागंजच्या स्टँडवरून उचललं. ही बातमी यशवर्धनने स्वतः येऊन दिली. तो मुलगा मुळात सालस होता.

"एक सापडला, काकू. त्याच्या घरी आमचा टेबलफॅन मिळाला. म्हणजे सामीलच होता. आता तो बाकीच्यांची नावं सांगेल."

"गेंदालालला धरलं?" वसुंधराबाई उठून उभ्या राहिल्या. "त्याला का धरलं?"

"अहो, चोरीचा माल..."

"त्याने तर फोन करायला सांगितलं तुला! म्हणजे त्याला." त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. जसं मला नव्हतं."

त्यांनी साडी बदलली. अशोकराव म्हणाले, "देवयानी बोलली ना, पोलिसच घरी येतील!" त्या म्हणाल्या, "त्यांनी यायचं असेल तेव्हा येतील. माणूस आत्ता आत बसलाय." मग परसात गेल्या, कढीपत्त्याची कुंडी उचलून कडेवर घेतली, आणि देवयानीला फोन करून थेट ठाण्यावर बोलावलं. ऑटोवाल्याने कुंडीसकट बसवून घेतलं.

टीआई मोहित्यांच्या टेबलावर कुंडी ठेवली गेली तेव्हा माती थोडी फायलींवर सांडली.

"हे काय आहे, काकू?"

"चोरीचा माल. जमा करा."

मोहित्यांनी देवयानीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. तिलाही हे नवीनच होतं.

"त्याच चोराने मला दिली ही, जाताना. गेंदालालला त्याने फॅन दिला असेल, मला हा मीठा नीम, हा कढीपत्ता दिला. फरक काय? वरून त्याने फॅन नुसता वापरला. मी तर याचे पत्ते तोडून खाल्ले पण. कढीत घातले, चटणीत घातले. चोरीचा माल खाऊन टाकला मी."

"काकू, तुमची गोष्ट वेगळी आहे."

"का वेगळी?"

"अहो, तुम्हाला कॉलनी ओळखते. चांगल्या घरच्या आहात. तुमचे पूर्वज..."

"माझे पूर्वज शिडी धरून नव्हते उभे. माझे यजमान होते." वसुंधराबाईंचा आवाज चढला तसा बाहेरचा हवालदार दारात येऊन उभा राहिला. "मी बत्ता दिला, यांनी शिडी धरली. तो बिचारा सीटवरून उठला पण नाही, पाठ दुखते त्याची. कुलूप तोडायच्या आधी सगळ्यात पहिले कोण बोललं, साहबको फोन लगाओ? तोच बोलला. मला नाही सुचलं ते. आता मला घरी चहा आणि त्याला लॉकअप? तो साथीदार असेल तर आम्ही दोघं पण साथीदार. लिहा आमची नावं. यांचं पहिले लिहा, ते बँकेत होते."

देवयानीने तेवढ्यात मावशीचा हात दाबला. अशिलाने स्वतःच गुन्हा अंगावर घ्यायचा हट्ट धरला की वकिलाची काय गत होते, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मुद्दा तिला पटला होता. ती सरळ बसली.

"साहेब, मावशी रागात बोलली, पण बोलली ते बरोबर. चोरीचा माल जवळ असणं पुरत नाही. तो चोरीचा आहे हे माहीत असायला हवं, निदान तसं समजायला सबळ कारण तरी हवं. गेंदालालला ते होतं, याला काय पुरावा आहे तुमच्याकडे?"

"वकील मॅडम, रस्त्यावरचे टेम्पोवाले सगळे असंच बोलतात, हमको क्या मालूम."

"पण सगळे टेम्पोवाले साक्षीदाराला आपला नंबर देत नसतात." देवयानीने मावशीचा फोन पुढे केला. "चोरी चालू असताना, त्याच दारात, याने स्वतःचं खरं नाव आणि खरा नंबर दिला. पुढचं भाडं ठरवायला. साहेब, असा चोर तुम्ही पाहिलाय?"

मोहित्यांनी फोनवरचं नाव मोठ्याने वाचलं. "गेंदालाल टेम्पो पाठदुखी." दारातला हवालदार हसला आणि म्हणाला, "साहब, सकाळपासून पाठ धरूनच बसलाय तो."

मोहित्यांनी फोन देवयानीला परत दिला. कुंडीतल्या पानाला हात लावला, वास घेतला. मग म्हणाले, "ठीक आहे. समजा, त्याला नव्हतं माहीत. मग माझ्या हातात काय उरलं? तोंड न दिसणारे दोन माणसं आणि एक निळा शर्ट. निळे शर्ट इंदुरात पोत्याने मिळतील. त्यांचं नाव-गाव कोणाला ठाऊक आहे?"

"नाव नाही विचारलं मी," वसुंधराबाई खजील होऊन म्हणाल्या. "बाकी सगळं ठाऊक आहे."

"बाकी सगळं म्हणजे?"

"म्हणजे तो हातोदचा. बायकोला बाळ व्हायचंय, आता तर झालं पण असेल. ती बहिणीकडे आहे, ती बहीण हातोदलाच शिवणक्लास चालवते. आईचे गुडघे गेलेत. याला स्वतःला शेंगदाणा चालत नाही, ओठ सुजतात. आधी इथेच कुठे तरी एसी दुरुस्तीच्या दुकानात होता, मालकाशी भांडण झालं म्हणून सोडलं असं बोलला, पण मालकाचा भाऊ अजून दोस्त आहे त्याचा."

मोहिते सावकाश पुढे झुकले.

"काकू. हे तुम्ही मला त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही तर मलाच मोजून राहिले होते. तेल तुमचं, बत्ता तुमचा."

हवालदाराने न सांगताच खुर्ची ओढली आणि लिहायला घेतलं. मोहित्यांनी तिघांसाठी चहा मागवला, आणि जरा थांबून चौथा आत लॉकअपमध्ये पाठवला.

*

हातोदला शिवणक्लास एकच निघाला नाही, तीन निघाले. पण बाळंतपणाला आलेली बहीण एकीचीच होती. पोलिस साध्या कपड्यांत गेले तेव्हा निळा शर्ट अंगणात लहान बाळाचे लंगोट वाळत घालत होता. त्याचं खरं नाव सोहन. टोपीवाला त्याच्याच ओळखीने देपालपुरात सापडला. आणि फोनवर 'काकीजी, नमस्ते' म्हणणारा साहेब निघाला तो एसीच्या दुकानमालकाचा भाऊ. टिळेकर लग्नाला जाणार, कधी येणार, हे त्याला यशवर्धननेच सांगितलं होतं: एसीचं काम परत आल्यावर करू म्हणून. तो भाऊ घराच्या जवळही फिरकला नव्हता. पकडल्यावर तो हेच सांगत होता की मी तर फक्त फोनवर बोललो.

"फक्त!" देवयानीकडून हे ऐकून अशोकराव म्हणाले. "यानेच तर सगळं ठरवलं. याला जास्त व्हायला पाहिजे." साथीदारांच्या कायद्याबद्दल त्यांचं मत आता बरंच कडक झालं होतं.

गेंदालालला कोर्टात उभं केलं तेव्हा पोलिसांनी जामिनाला विरोध केला नाही. पुढे कागदपत्रं तयार झाली, त्यात त्याचं नाव आरोपींमधून निघून साक्षीदारांत आलं, शितोळे पतिपत्नींच्या खाली. कोर्टाबाहेर तो वसुंधराबाईंच्या पाया पडायला वाकला आणि अर्ध्यातच अडकला. देवयानी आणि यशवर्धनने दोन्हीकडून धरून त्याला सरळ केलं.

"अम्मा, अब तो मैं सवारी से इतने सवाल पूछता हूँ कि आधे लोग भाग जाते हैं," तो म्हणाला.

"भागू दे," त्या म्हणाल्या. "जे थांबतील ते चांगले."

ओळख परेडसाठी मात्र वसुंधराबाईंना जेलमध्ये जावं लागलं. रांगेत सारख्याच अंगयष्टीची माणसं उभी केली होती. नायब तहसीलदार गंभीरपणे म्हणाले, नीट बघा, घाई करू नका, कुणीही खुणावणार नाही. वसुंधराबाईंनी चष्मा पुसला आणि पहिल्या माणसापासून सुरुवात केली. मधल्या माणसापर्यंत त्या पोचल्या नव्हत्या, तेवढ्यात त्याने स्वतःच हात जोडले.

"नमस्ते, काकीजी."

नायब तहसीलदारांनी डोक्याला हात लावला.

"क्या हुआ?" वसुंधराबाईंनी सोहनला विचारलं.

"बेटी."

"और माँ के घुटने?"

"तेल लगाया था. फरक है."

त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावून ओळख पटवली, सही केली, आणि बाहेर येऊन गाडीत बसल्या. बराच वेळ गेल्यावर त्यांनी देवयानीला विचारलं, "दहा वर्षं?"

"दहापर्यंत, मावशी. तितकी होतीलच असं नाही. पहिलाच गुन्हा आहे, बराचसा माल परत मिळाला. न्यायाधीश बघतील."

"त्याने शेंगदाणे काढून बशीच्या कडेला नीट रचून ठेवले होते," वसुंधराबाई म्हणाल्या. "मला वाटलं, किती चांगल्या वळणाचा आहे." मग म्हणाल्या, "वळणाचा होताच. चोर पण होता."

*

उर्वीचे दागिने बहुतेक मिळाले. वॉशिंग मशीन मिळालं, पण ते आता धुताना आधीपेक्षा जास्त हलतं. कढीपत्त्याची कुंडी जप्त मालात गेली. कोर्टाच्या आदेशाने परत आली तोवर ठाण्यातल्या कुणीतरी तिला रोज पाणी घातलं होतं आणि वरची पानंही रोज खुडली होती.

आपण काय काय बोललो ते आठवून उर्वी कितीतरी दिवस संकोचली होती. मग एका सकाळी ती आणि यशवर्धन बॅगा घेऊन शितोळ्यांच्या दारात आली. नाशिकला निघाली होती, माहेरपणाला आलेल्या नणंदेला भेटायला. उर्वीने किल्ल्यांचा जुडगा पुढे केला.

"काकू, या तुमच्याकडे ठेवा. आणि काही माणसं आली, तर..."

"तर मी दारातूनच हाकलते," वसुंधराबाई म्हणाल्या.

"नको. आधी विचारा त्यांना, कुठले तुम्ही. सगळं विचारा. पोहे मात्र नंतर द्या."

वसुंधराबाईंनी किल्ल्या घेतल्या. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण त्याऐवजी त्यांनी वाटेत खायला म्हणून शेवेचं पाकीट उर्वीच्या पिशवीत कोंबलं.

टॅक्सी वळली. अशोकराव पडद्यामागून सगळं बघत होते. त्यांनी हळूच फोन उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन देवयानीला लावला.

"बेटा, एक विचारायचं होतं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "किल्ल्या हिने घेतल्यात. मी घरात आहे, पण मी हात नाही लावलेला. मला कितपत होऊ शकतं?"